बिबट्याची पिल्ले, उसाचा फड आणि रेडिओ-पट्टा

दसरा झाला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत ऊसतोडीचे वेध लागतात. दिवाळीच्या आगेमागे तोडणी कामगारांच्या टोळ्या येऊन उतरतात, शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि फडात कोयते चालू लागतात. वर्ष-दीड वर्ष ज्या उसात माणसाचा पाय क्वचितच पडला, तो ऊस आठ-दहा दिवसांत भुईसपाट होतो. अशाच एखाद्या सकाळी पाचट बाजूला सारताना सरीत काहीतरी वळवळते. मांजराचे पिल्लू असेल असे वाटून कोणी वाकते आणि दचकून मागे सरते. अंगावर पुसट ठिपके, मिटलेले किंवा नुकतेच उघडलेले निळसर डोळे, आणि जवळपास कुठेही आई नाही. बिबट्याची पिल्ले!

पुढच्या तासाभरात काय घडते त्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पिल्लांचे आयुष्य तर खरेच; पण त्या वस्तीवरच्या माणसांची रात्र कशी जाणार, हेही त्यावरच ठरते. म्हणून ही गोष्ट शाळेत समजावून सांगण्यासारखी आहे. त्यासाठी आपल्याला आधी एक प्रश्न विचारावा लागेल. जो प्राणी दिवसा दिसत नाही आणि रात्री आवाज न करता फिरतो, तो आपली पिल्ले कोठे ठेवतो, किती लांब जातो, माणसापासून किती अंतर राखतो, हे आपल्याला कळते तरी कसे?

पिल्लांची बातमी आईच्या गळ्यात

लपून राहणाऱ्या प्राण्यांचा माग काढण्याची एक पद्धत सुमारे साठ वर्षांपूर्वी रुळली. प्राण्याला भूल द्यायची, त्याच्या गळ्यात लहानसा रेडिओ-प्रक्षेपक बसवलेला पट्टा घालायचा आणि त्याला सोडून द्यायचे. १९६१ सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या जुळ्या भावांनी एका ग्रिझली अस्वलाच्या मादीला असा पट्टा घातला. नेपाळमधील चितवन येथे १९७३-७४ च्या सुमारास वाघांना पट्टे घातले गेले. आपल्याकडे १९९० मध्ये कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंत यांनी वाघांचा अभ्यास याच पद्धतीने सुरू केला.

पिल्लांना मात्र पट्टा घालता येत नाही. त्यांची मान महिन्या-महिन्याला वाढते. आज सैल असलेला पट्टा उद्या फास होईल. म्हणून पट्टा घालतात तो आईला, आणि पिल्लांची बातमी काढतात ती आईच्या हालचालींवरून. उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलांच्या अभ्यासात हे फार चांगले दिसते. शरद ऋतूत ही अस्वले दिवसाचे बहुतेक तास केवळ खाण्यात घालवतात आणि अंगावर चरबीचा थर चढवतात. मग मादी गुहेत, झाडाच्या ढोलीत किंवा उकरलेल्या खड्ड्यात शिरून हिवाळाभर पडून राहते. ऐन थंडीत, जानेवारीच्या सुमारास, तिथेच ती जेमतेम पाव-अर्धा किलो वजनाच्या पिल्लांना जन्म देते. पुढच्या शरदात पिल्ले तिच्याबरोबरच असतात आणि दुसरा हिवाळाही तिच्याच बिळात काढतात. शरदात पट्टा घातलेल्या मादीचा माग ठेवला, तर ती कोठे बीळ करणार हे कळते, आणि हिवाळ्यात तेथे जाऊन पिल्लांची संख्या व वजने यांची नोंद करता येते.

बिबट्याच्या मादीचे गणित थोडे निराळे आहे. तिचा गर्भकाळ सुमारे तीन ते साडेतीन महिन्यांचा. विणीचा ठराविक ऋतू नाही. वर्षात केव्हाही पिल्ले होतात, बहुधा दोन किंवा तीन. जन्मतः पिल्लाचे वजन साधारण अर्धा किलो असते आणि आठ-दहा दिवसांनी त्याचे डोळे उघडतात. पहिले काही आठवडे आई त्यांना लपवून ठेवते, स्वतः शिकारीला जाते आणि परत येऊन दूध पाजते. अधूनमधून मानेला धरून ती त्यांना एका जागेवरून दुसरीकडे हलवते. साधारण तीन महिन्यांची झाल्यावर पिल्ले तिच्यामागे फिरू लागतात आणि वर्ष-दीड वर्षाने स्वतंत्र होतात. अशा मादीच्या गळ्यात पट्टा असेल, तर नकाशावरचे बिंदू एकाच जागेभोवती पुन्हा पुन्हा गोळा झालेले दिसतात. रात्री बिंदू दूर जातात, पहाटे परत तेथेच येतात. अभ्यासक त्यावरून ओळखतो, की येथे पिल्ले असावीत.

या दोन आयांमधला एक फरक आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अस्वलाची मादी शरदात आपले बीळ शोधते. आपल्या उसातल्या बिबट्याच्या मादीचे घर नेमके त्याच सुमारास मोडू लागते.

पट्टा काम कसे करतो?

जुन्या पद्धतीच्या पट्ट्यातून ठराविक कंप्रतेच्या रेडिओलहरी टिक्-टिक् अशा निघत राहतात. अभ्यासकाच्या हातात एक ग्राहक संच आणि दिशादर्शक अँटेना असते. घराच्या छपरांवर पूर्वी दूरदर्शनच्या अँटेना असत, साधारण त्याच जातीची. अँटेना फिरवता फिरवता ज्या दिशेने आवाज सर्वांत मोठा येतो, ती प्राण्याची दिशा. पण दिशा कळली म्हणजे ठिकाण कळले असे नाही. तो प्राणी त्या रेषेवर कोठेही असू शकतो. म्हणून अभ्यासक दुसऱ्या ठिकाणी जाऊन पुन्हा दिशा घेतो. नकाशावर दोन्ही रेषा काढल्या की त्या जेथे छेदतात तेथे प्राणी. इयत्ता सातवी-आठवीतली भूमिती इथे प्रत्यक्ष रानात उतरते.

या पद्धतीत माणसाला रात्ररात्र प्राण्याच्या आसपास राहावे लागते. जीपीएस पट्ट्याने हे काम पुष्कळ सोपे केले. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत संदेश पाठवत असतात: 'मी अमुक उपग्रह, आत्ता अमुक ठिकाणी आहे, आता इतके वाजले आहेत.' संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने येतो. तो किती वेळात पोहोचला यावरून उपग्रहाचे अंतर निघते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरवता येते. पण पट्ट्यातले साधे घड्याळ उपग्रहातल्या आण्विक घड्याळाइतके अचूक नसते. घड्याळ एक लक्षांश सेकंदाने चुकले, तर अंतर तीन किलोमीटरने चुकेल! ही चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. मोजलेली जागा पट्टा आपल्या स्मृतीत साठवतो, आणि काही पट्टे ती भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून किंवा उपग्रहामार्फत अभ्यासकाकडे पाठवतात.

पट्ट्याला मर्यादाही आहेत. तो प्राण्याच्या वजनाच्या मानाने अगदी हलका असावा लागतो; म्हणून त्यातली बॅटरी लहान असते. दर पाच मिनिटांनी जागा मोजली तर बॅटरी लवकर संपते. दिवसातून एकदाच मोजली तर ती पुष्कळ टिकते, पण मधल्या हालचाली कळत नाहीत. आपला प्रश्न कोणता आहे हे आधी ठरवून, मगच किती वेळाने नोंद घ्यायची हे ठरवावे लागते. विज्ञानातले बरेचसे मोजमाप असेच असते.

जंगलाबाहेरचा बिबट्या

आता आपल्या भागाकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांना लागून अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातला अकोले तालुका आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीप्रधान खोऱ्यात कॅमेरा-सापळे लावून बिबट्यांची गणना केली. प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा, तो कॅमेरा-सापळा. आपल्या बोटांचे ठसे जसे वेगवेगळे, तसे प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. त्यामुळे छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले, की तेथे दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरस राहतात. आणि माणसे? दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक. हे अभयारण्य नव्हते. ऊस, भाजीपाला, वस्त्या आणि रस्ते असलेला तो साधा बागायती मुलूख होता.

हे बिबटे खातात काय? त्यांच्या विष्ठेतल्या केसांवरून भक्ष्य ओळखता येते. त्या तपासणीतून दिसले, की खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट होती, पण त्यांचा वाटा मात्र ११ टक्केच. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रे मोकळे हिंडते.

आता पट्टा काय सांगतो ते पाहू. मॉर्टन ओडेन, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पाच बिबट्यांना जीपीएस पट्टे घातले. चार महाराष्ट्रात, एक हिमाचल प्रदेशात. २०१४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे तीन बिबटे पकडलेल्या जागेजवळच सोडले होते, त्यांचे वावरक्षेत्र अवघे ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटर निघाले. हे आकडे मुलांना कसे समजवावेत? ११ चौरस किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याची त्रिज्या १.९ किलोमीटरच्या आत येते. आपली शाळा मध्यभागी धरून तेवढे वर्तुळ काढा. एका मादीचा सारा संसार तेवढ्यात मावतो!

रात्री हे बिबटे ताशी सरासरी ३३९ मीटर सरकत, दिवसा ताशी ६० मीटर. बारा तासांची रात्र धरली तर चार किलोमीटरपेक्षा थोडे अधिक, आणि बारा तासांच्या दिवसात पाऊण किलोमीटरहून कमी. (हे अंतर दोन नोंदींमधल्या सरळ रेषेचे आहे, प्रत्यक्ष चाल याहून अधिक असणार.) दाट लोकवस्तीत राहणाऱ्या तीन बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के घरापासून २५ मीटरच्या आतल्या होत्या. दिवसा हेच प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. म्हणजे आपण झोपलो की तो अंगणाजवळून जातो आणि आपण उठायच्या आत उसात शिरतो. त्याने माणसाचे वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगले पाठ केले आहे.

उसाचा त्यात मोठा वाटा आहे. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. त्यात सावली आहे, पाटाचे पाणी जवळ आहे, आणि शेजारी वस्ती असल्याने कुत्री, डुकरे, कोंबड्या आहेत. धरणे, पाट आणि साखर कारखाने यांनी मिळून पर्जन्यछायेतल्या या मुलखात एक नवीन अधिवास तयार केला. 'बिबट्या जंगल सोडून गावात आला' असे आपण म्हणतो. पण उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच जंगल.

आजोबाची पायपीट

मग पकडावे आणि दूर जंगलात सोडून द्यावे, हा उपाय कोणालाही सुचेल. तो करूनही पाहिला गेला आहे, आणि त्याचा निकाल विचार करायला लावणारा आहे.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसावर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ मध्ये पकडलेले बिबटे मोठ्या संख्येने दूरच्या वनांत नेऊन सोडण्यास सुरुवात झाली. पुढच्या दोन-अडीच वर्षांत हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. हल्ले अधिक प्राणघातकही झाले. असे का झाले असावे? पिंजऱ्यात सापडलेला, माणसांच्या गर्दीत भेदरलेला प्राणी एकाएकी अनोळखी मुलखात येतो. पाणी कोठे, लपण कोठे, माणसे केव्हा फिरतात, यातले त्याला काही ठाऊक नसते. तेथे आधीपासून दुसरे बिबटे असतात; ते त्याला टिकू देत नाहीत. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण बिबट्या घेतो. म्हणजे एका गावाचा प्रश्न सुटत नाहीच, दुसऱ्या गावाला मात्र नवा प्रश्न मिळतो.

नेऊन सोडलेला बिबट्या काय करतो, याचे उत्तर एका पट्ट्याने दिले. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ नर बाहेर काढण्यात आला. त्याला पट्टा घालून ५२ किलोमीटर दूर माळशेज घाटाच्या परिसरात सोडले. त्याच्या शांत स्वभावामुळे अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. आजोबा घाट उतरून निघाला तो चालतच राहिला. कसारा स्थानकाच्या परिसरातून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, वसईच्या औद्योगिक भागाजवळून आणि खाडी पोहून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. सरळ रेषेत मोजले तर ३७ दिवसांत ८९ किलोमीटर. प्रत्यक्ष पायपीट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. या साऱ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. कातडीखाली बसवलेल्या सूक्ष्म चकतीवरून त्याची ओळख पटली. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला.

एका बिबट्यावरून नियम सांगू नये, हे खरे. पण त्याच अभ्यासात दूर सोडलेली एक मादीही पाच महिन्यांत सरळ रेषेत ४५ किलोमीटर दूर गेली आणि मगच स्थिरावली. तिचे नवे वावरक्षेत्र ६५ चौरस किलोमीटरचे निघाले, जागेवर सोडलेल्या माद्यांच्या चार-सहा पट. दूर नेऊन सोडणे म्हणजे प्रश्न चालता करणे, एवढे तरी यावरून दिसते.

पिल्ले परत आईकडे

आता पुन्हा फडाकडे वळू. पिल्ले सापडली. आई कोठे असेल?

आतापर्यंतच्या माहितीवरून आपण उत्तर काढू शकतो. तिचे वावरक्षेत्र लहान आहे, दिवसा ती फारशी हलत नाही, आणि पिल्ले अजून तिच्यामागे चालण्याएवढी झालेली नाहीत. तेव्हा ती बहुधा शेजारच्या न तोडलेल्या उसात किंवा ओढ्याच्या झुडपात दबा धरून आहे आणि अंधार पडायची वाट पाहते आहे. रात्री ती पिल्लांसाठी याच जागेवर येणार. पिल्ले मिळाली तर ती त्यांना दुसरीकडे हलवील. मिळाली नाहीत तर ती तेथेच घुटमळत राहील आणि वस्तीजवळची बेचैन मादी ही माणसांसाठी अधिक धोक्याची.

म्हणून वनखात्याचे कर्मचारी आणि पशुवैद्य आता वेगळी पद्धत वापरतात. तोड थांबवायची आणि माणसे बाजूला करायची. पिल्ले तपासायची, गोचिडी काढायच्या, अशक्त असतील तर उपचार करायचे. मग सूर्यास्ताच्या सुमारास नेमक्या त्याच जागी टोमॅटो-द्राक्षांच्या वाहतुकीला वापरतात तशा प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये त्यांना ठेवायचे. पिल्ले भटकून कुत्र्यांच्या तावडीत सापडू नयेत, पण आईला कॅरेट सहज उलटवता यावे, अशी ती रचना असते. बाजूला कॅमेरे लावायचे आणि सगळ्यांनी दूर जायचे. जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर या भागांत अशा कितीतरी रात्रींची चित्रे कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. मादी येते, थबकते, हुंगते, कॅरेट पाडते आणि एकेका पिल्लाला मानेशी धरून अंधारात नाहीशी होते. कधी पहिल्या रात्री ती येत नाही. मग दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करावा लागतो.

'माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या कॅमेऱ्यांनी ती समजूत खोटी ठरवली आहे. मात्र त्याचा अर्थ पिल्ले हाताळावीत असा मुळीच नाही. हातोहाती फिरवणे, छायाचित्रांसाठी मांडीवर घेणे, गाईचे दूध पाजणे यांत पिल्लू दगावू शकते. आणि आई न मिळालेल्या, माणसाने वाढवलेल्या पिल्लाला पुढे मोकळे सोडता येत नाही. शिकार त्याला येत नाही, माणसाची भीती उरलेली नसते. त्याचे सारे आयुष्य पिंजऱ्यात जाते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये इगतपुरी तालुक्यात एका झोपडीत बिबट्याची मादी व्याली. चार पिल्ले झाली. मादीला डिवचण्याऐवजी वनखात्याने लांबून लक्ष ठेवले. गर्दी आवरणे हेच अशा वेळी सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी काम असते.

आणि माणसांचे काय?

हे सारे वाचून कोणी विचारील, 'बिबट्याच्या पिल्लांची एवढी काळजी, मग आमच्या पिल्लांची?' हा प्रश्न रास्त आहे. तो टाळून बिबट्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. नाशिक तालुक्यात दारणा नदीच्या काठच्या गावांनी २०२० मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गमावली, त्यांत लहान मुले होती. जानेवारी २०१९ मध्ये नाशिक शहरात सावरकरनगरला शिरलेल्या बिबट्याने, जमलेल्या गर्दीत, लोकांना जखमी केले. आम्ही शाळांमध्ये बोलायला जातो तेव्हा मळ्यातून चालत येणारी मुले हात वर करून विचारतात, 'सर, समोर आला तर काय करायचं?' त्यांना आकडेवारी सांगून भागत नाही.

पट्ट्यांनी दिलेली माहिती येथे उपयोगी पडते. बिबट्या रात्री घराजवळ येतो; तर रात्रीची काळजी महत्त्वाची. लहान मुलाला अंधारात एकटे बाहेर सोडू नये. शौचालय घराजवळ, उजेडात असावे. वाकलेला किंवा बसलेला माणूस लहान दिसतो, तेव्हा अंधारात बांधावर एकट्याने बसू नये. रात्री पिकाला पाणी भरायला जायचे तर दोघे-तिघे मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत किंवा गाणी लावून जावे. शेतीला दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी या दृष्टीनेही किती महत्त्वाची आहे, ते लक्षात येईल. गोठा चारही बाजूंनी आणि वरून बंद असावा. खरकटे व मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. समोर आलाच तर पळू नये. पाठ न दाखवता, मोठ्याने ओरडत, हात उंच करून हळूहळू मागे सरावे. बिबट्या किंवा पिल्ले दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि बघ्यांची गर्दी होऊ देऊ नये.

या उपायांनी धोका शून्यावर येत नाही, पण कमी होतो. एखादा बिबट्या माणसांवर वारंवार हल्ले करू लागला, तर त्याला पकडून कायमचे दूर करावेच लागते. पण दिसला की पिंजरा लावा, हा आग्रह धरताना जुन्नरचा अनुभव आठवावा.

इगतपुरी, अकोल्याच्या डोंगरात दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशीच, वाघबारस पाळतात. गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. मोठी मांजरे शेजारी राहणार, त्यांच्याशी जपून वागायचे, ही समजूत त्यामागे आहे. बागायती पट्ट्यात बिबट्या नव्याने आला. तेथे ही समजूत आपल्याला विज्ञानाच्या मदतीने घडवावी लागेल.

वर्गात करून पाहा

१. दिशा शोधणारा रेडिओ: जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर घ्या. त्यात आडवी फेराइटची कांडी हीच अँटेना असते. दिवसा एखादे दूरचे केंद्र लावा आणि संच आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होईल. त्या वेळी कांडीचे टोक केंद्राच्या दिशेला असते. टोक दोन असल्याने केंद्र समोर आहे की मागे, हे मात्र कळत नाही. मुलांना विचारा: ही शंका कशी फेडता येईल?

२. छेदबिंदू: मैदानात एक मुलगा लपवा. त्याने दर दहा सेकंदांनी शिट्टी वाजवावी. डोळे बांधलेल्या दोन गटांनी दोन ठिकाणांहून हाताने दिशा दाखवावी. बाकीच्यांनी होकायंत्राने ती मोजून कागदावर रेषा काढाव्यात. दोन्ही ठिकाणे अगदी जवळ घेतली तर चूक वाढते, हे मुलांना स्वतः शोधू द्या.

३. मोजता न येणारे मोजणे: डब्यात मूठभर वाल टाका. त्यातले २० काढून त्यांवर शाईची खूण करा, परत टाकून चांगले हलवा. आता न पाहता ३० काढा. त्यांत खुणेचे ६ निघाले, तर एकूण वाल अंदाजे २० × ३० ÷ ६ = १०० असणार. मोजून ताळा करा. ठिपक्यांवरून ओळखलेल्या बिबट्यांची संख्या काढण्याची मूळ कल्पना हीच आहे.

४. गावाचा नकाशा: ऊस, ओढा, वस्त्या, पाटाची वाट आणि मुलांच्या शाळेत येण्याच्या वाटा गावाच्या नकाशावर दाखवा. कोणता ऊस कधी तुटणार हे पालकांना विचारून लिहा. ज्या आठवड्यात वाटेलगतचा फड तुटणार, त्या आठवड्यात मुलांनी घोळक्याने यायचे, असे वर्गानेच ठरवावे.

हा शेवटचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा. तोडीच्या पहिल्या दिवशी त्यातले एखादे मूल फडावर जाऊन मुकादमाला सांगेल, 'पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोन करा, त्यांची आई रात्री येते.' त्या वस्तीवर त्या रात्री दोन्ही घरची पिल्ले आपापल्या आईपाशी झोपतील.